रागाची नोंद

"वरचा एकशे बहात्तर, खालचा एकशे चार." देवरे साहेबांनी आकडे असे दणक्यात वाचले, की माझ्या हाताखालच्या बाराही बायकांची कामं थांबली.

"साहेब, लाउडस्पीकर मागवू का?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. भट्टी-सुरक्षा कार्यालयाचा माणूस हसत नाही, तसं त्यांच्या नोकरीच्या कागदावरच लिहिलेलं असावं. मी ज्योत्स्ना नेहेते, वय चोपन्न. फैजपूरपासून रावेरपर्यंत लग्नाची, बारशाची, तेराव्याची वरण-बट्टी तीस वर्षं मीच उकळवते. आठशे पानं असोत की दीड हजार, आजवर एक पंगत उपाशी उठलेली नाही. आणि हे साहेब मला म्हणत होते, "ताई, तुम्ही आता पिवळ्या रेषेच्या आत यायचं नाही."

पिवळी रेषा म्हणजे शेगडीपासून दहा फुटांवर आखलेली. गॅस जाऊन हायड्रोजन आला त्याला सात वर्षं झाली. स्वस्त आहे, धूर नाही, सगळं खरं. पण त्याची ज्योत भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. कुठल्याशा जिल्ह्यात एक आचारी चक्कर येऊन शेगडीवर कोसळला, आणि शेगडी पेटलेली आहे हे धावून आलेल्यांना कळलंच नाही. तेव्हापासून नियम झाला, की ज्याचा रक्तदाब ताब्यात नाही त्याने रेषेच्या आत जायचं नाही. नियम वाईट आहे असं मीही म्हणणार नाही. माझी आई अर्धांगवायूने चार वर्षं खाटेवर होती, तिचं तोंड मी पुसलेलं आहे.

"मग तांदूळ बसवून घ्या ना," देवरे म्हणाले. "फुकट आहे, अर्ध्या तासाचं काम. तुमच्या यजमानांनी नाही का बसवला?"

"बसवला. म्हणूनच मला नको."

तांदूळ हे आमच्याकडचं नाव. तांदळाच्या दाण्याएवढं ते यंत्र मानेत बसवतात. मानेला जिथे नाडी लागते, तिथे रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक तंतू असतात. रक्ताच्या जोराने भिंत ताणली, की ते मेंदूला खबर देतात. मग मेंदू हृदयाला म्हणतो सावकाश, आणि वाहिन्यांना म्हणतो सैल सोडा. पण वर्षानुवर्षं दाब चढलेलाच राहिला, की हे तंतू त्याला सरावतात. गिरणीतल्या काट्यावर दोन किलोचं भांडं कायमचं ठेवून द्यावं आणि त्यालाच शून्य म्हणावं, तसं होतं. तांदूळ काय करतो, तर त्या तंतूंना विजेचे बारीक टोचे देत राहतो. ताण झाला, ताण झाला, अशी खोटी खबर दिवसभर चालू. मेंदू फसतो आणि सगळं सैल सोडतो. दाब एकशे अठरा, सकाळीही तोच, संध्याकाळीही तोच.

पण बाई गं, ज्या वाटेने दाब चढतो त्याच वाटेने माणसाचा संतापही चढतो. छातीतली धडधड, तापलेली कानशिलं, वळलेल्या मुठी, सगळं त्याच रस्त्याने. पत्रकात बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'काही जणांना पूर्वीपेक्षा शांत वाटते.'

आमचे हे, हेमराज, पिठाची गिरणी चालवतात. एके काळी यांचा आवाज गिरणीच्या वर ऐकू यायचा. बट्टीचं पीठ रवाळ हवं की बारीक, यावरून आमची तीस वर्षं भांडणं झाली, आणि काय झाली म्हणून सांगू! दोन वर्षांपूर्वी तांदूळ बसला. त्या दिवसापासून एकच शब्द, "असू दे." गिऱ्हाईक पैसे बुडवून गेलं, असू दे. दळण सांडलं, असू दे. पापड, लोणचं, शेव दुप्पट, चालणं बंद. "यंत्र बघतंय ना," म्हणायचे.

तेही मी सोसलं असतं. पण गेल्या वर्षी माझ्या केतकीच्या बाळाचं बारसं होतं. तिच्या सासऱ्यांनी, भास्करराव कोल्ह्यांनी, भरल्या मांडवात तिला विचारलं, "बापाने पाळणा पाठवला की खेळणं?" केतकीने बापाकडे पाहिलं. लहानपणी शाळेतल्या मास्तरांनी तिला छडी मारली तेव्हा हाच बाप शाळेत धडकला होता. आणि आता हे गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "असू दे, असू दे." केतकीने मान खाली घातली. त्यानंतर तिचा फोन मला येतो, यांना येत नाही.

म्हणून मी देवऱ्यांना विचारलं, "तांदळाशिवाय दुसरी वाट आहे का कायद्यात?"

"आहे. नव्वद दिवसांची मुदत. राहणी बदलून दाब उतरवा. मनगटावर पट्टी लागेल, ती दाबही मोजते आणि घामातलं मीठही. शेवटच्या पंधरवड्यात सरासरी एकशे पस्तीसच्या खाली हवी. आणि त्या पंधरा दिवसांत एकदाही एकशे साठच्या वर जायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, आजवर कुणाला जमलेलं नाही. सगळे शेवटी तांदूळच बसवतात."

"मी 'सगळे'मध्ये कधी होते?" मी म्हटलं आणि सही ठोकली. मुदतीपुरता रेषेच्या आतला परवाना मिळाला.

*

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रुखसार तडवी माझ्या केतकीच्याच वयाच्या. मी आधीच बजावलं, "बेटा, भाषण नको. काय करायचं तेवढं सांग."

"गोळी चालू राहील, मावशी. ती तुम्ही मनाने बंद केलीत, तर मीच तुम्हाला रेषेच्या बाहेर बसवेन." मुलगी खमकी निघाली, मला आवडली. "बाकी साधं आहे. दिवसाला मीठ एक चमचा, सपाट. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, पाण्याने रक्त वाढतं, रक्ताने दाब वाढतो. रोज पाऊण तास झपझप चालायचं. सात तास झोप. तुमची किडनी ठणठणीत आहे, तेव्हा केळी खा. आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं सावकाश श्वास, मिनिटाला सहा."

"आणि राग?"

"रागाचं मी काहीच म्हटलं नाही," ती म्हणाली.

केळीच्या मुलखात जन्म गेला आणि केळं मी कधी धड खाल्लं नव्हतं, घ्या! पहाटे पाटाच्या कडेने चालायला लागले. पहिल्या आठवड्यात गुडघे बोंबलले, दुसऱ्यात गप्प झाले. घरातलं लोणचं शेजारी दिलं, पापडाचा डबा माळ्यावर टाकला. वरण जवळजवळ अळणी, भाजीही तशीच, भाकरीत मिठाचा कण नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता तरी हे ताट भिरकावतील. मनातून मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. यांनी दोन घास खाल्ले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "असू दे." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

चाळीस दिवस झाले. दाब किती उतरला? एकशे बहात्तरचा एकशे अठ्ठावन्न. आणि पट्टी दाखवत होती, रोजचं मीठ अकरा ग्रॅम!

डॉक्टर तडवींनी विचारलं, "मावशी, खरं सांगा. चोरून काही खाता का?"

मी अशी भडकले, की बाहेरचे पेशंट आत डोकावले. "चोरून? मी? चाळीस दिवस शेवेचा दाणा तोंडात टाकला नाही! तुझी पट्टी खोटारडी आहे!"

तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "घरी मीठ चमचाभरच. मग कामावर दिवसभर काय काय तोंडात जातं, सांगा."

"काही नाही. कामावर मी जेवतच नाही. आचाऱ्याने पंगतीआधी जेवायचं नसतं."

"चव घेता?"

मी म्हटलं, "अगं, चव घेणं म्हणजे काय खाणं आहे?"

तिने टेबलावरचा चमचा माझ्या हातात दिला, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "घेता तशी घेऊन दाखवा." मी सवयीने तळहाताचा द्रोण केला, त्यावर चमचाभर ओतलं आणि ओढून घेतलं. तिने विचारलं, असं किती वेळा? मी मोजायला लागले. वरण फोडणीआधी, फोडणीनंतर, उकळी आल्यावर. वांग्याची भाजी घोटताना तर दर पाच मिनिटांनी. चार पातेली असली की चारही. माझाच आवाज बारीक होत गेला. पन्नास वेळा. तिने कागदावर मांडलं. एका वेळी दहा ग्रॅम, पन्नास वेळा म्हणजे अर्धा किलो. त्यातलं मीठ सहा ग्रॅम, घरच्या चमच्याचं पाच, झाले अकरा.

"अर्धा किलो वरण-भाजी रोज जेवता, मावशी. फक्त ताट घेत नाही."

तीस वर्षं! तीस वर्षं मी जगाला सांगत आले, की मी कामावर पाण्याशिवाय काही घेत नाही. हसावं की कपाळ बडवावं तेच मला कळेना.

*

माझा उजवा हात म्हणजे छाया. वीस वर्षं माझ्या शेजारच्या पातेल्याशी उभी आहे. तिने लगेच तोड काढली, "ताई, चव मी घेते ना तुमच्याऐवजी."

"म्हणजे माझं दुखणं तुझ्या नाडीत घालू? गप्प बस."

"मग चव घेऊन थुंका."

"थुंकणाऱ्या आचारणीला पंगत कोण देईल गं, बये?"

आणखी एक घोळ होता, तो डॉक्टरने सांगितला होता. मीठ कमी केलं की पाच-सहा आठवड्यांत जीभ बदलते, थोडं मीठही खारट लागायला लागतं. म्हणजे चव घेतली असती तरी आता माझ्या जिभेचा भरवसा नव्हता. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. त्या दिवसाचा सगळा स्वयंपाक न चाखता करायचा, देवीच्या आधी जिभेला लावायचा नाही. माझ्या सासूबाई वाफेवरून मीठ ओळखायच्या, आणि मीही पंचवीस वर्षं तो स्वयंपाक तसाच करत आले. एकदाही चुकला नाही. मग चाळीस माणसांना जे जमतं ते आठशेंना का जमू नये?

"ताई, हसं होईल," छाया म्हणाली. "देवी चालवून घेते. वऱ्हाडी चालवून घेत नाहीत."

"होऊ दे हसं. तुझं तर होणार नाही ना?"

पहिली पंगत सावद्याची. पातेल्यावर वाकून वाफ घेतली, डाळ शिजल्याचा आवाज ऐकला, पळीवरून वरण कसं ओघळतं ते पाहिलं. मीठ वजनाने घेतलं, आणि नेहमीपेक्षा चौथा हिस्सा कमी, कारण जास्त पडलेलं काढता येत नाही. हात तीनदा आपोआप तळहाताकडे गेला, तीनदा छायाने धरला. पंगत बसली. एका म्हाताऱ्याने मीठ मागितलं, बाकी सातशे माणसं बट्ट्या कुस्करून ओरपत होती. मी मांडवामागे जाऊन छायाला मिठीच मारली.

साठाव्या दिवशी एकशे त्रेचाळीस. पंचाहत्तराव्या दिवशी एकशे बत्तीस. डॉक्टर तडवींनी आलेख दाखवला. म्हणाली, काट्यावरचं भांडं उतरायला लागलंय, मानेतले तंतू पुन्हा खरं शून्य शिकतायत. यंत्राने फसवावं लागलं नाही.

*

चौऱ्याऐंशीवा दिवस. काम होतं भास्करराव कोल्ह्यांच्या घरचं, त्यांच्या पुतण्याचं लग्न. केतकीने गळ घातली म्हणून घेतलं होतं. हेही आले होते, व्याही म्हणून मानाच्या पंगतीत बसले होते. केतकी वाढत होती.

भास्कररावांनी वरणाचा भुरका मारला आणि वाटी ताटात आपटली. मोठ्याने म्हणाले, "आईने वरणात मीठ घातलं नाही, आणि पोरीला वळण लावलं नाही. सगळंच अळणी!"

पंगत हसली. केतकी वरणाचं भांडं घेऊन तिथेच उभी राहिली. मी रेषेच्या आत होते, पळी हातात. माझी नजर आधी यांच्याकडे गेली. हे हसत होते आणि ओठ हलत होते. काय म्हणत होते ते ऐकायची गरज नव्हती.

सहा दिवस उरले होते. एकशे साठच्या वर एकदाही जायचं नव्हतं. मिनिटाला सहा श्वास घ्यायचे, गिळून टाकायचं, आणि पुढची पंधरा वर्षं ताठ मानेने शेगडीपाशी उभं राहायचं. मला हे सगळं त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. पळी ठेवली, रेषा ओलांडली आणि मांडवात गेले.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "वरण मी केलंय, ते मला सांगा. पोरीला वळणही मीच लावलंय, तेही मलाच सांगा. मीठ हवं असेल तर ताटात डावीकडे वाढलेलं आहे. माझ्या पोरीचा अपमान हवा असेल तर तो आमच्याकडे वाढत नाहीत. ती भली आहे म्हणून गप्प बसते. मी भली नाही. पुन्हा तिला असं बोललात, तर याच मांडवात तुमचं ताट मी उचलेन."

पट्टी मनगटावर थरथरली, एकशे एकाहत्तर. भास्कररावांनी मान खाली घालून मीठ घेतलं. केतकीने माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या पानावर वरण वाढायला गेली. चालताना तिची पाठ सरळ होती, हे मी पाहिलं. मी परत शेगडीकडे आले आणि पळी उचलली. अकरा मिनिटांनी पट्टी पाहिली, तर एकशे सव्वीस.

घरी परतताना आम्ही दोघंच गाडीत होतो. हे म्हणाले, "ज्योत्स्ना, तिथे मला राग यायला पाहिजे होता. मला कळत होतं. पण येत नाही गं. हाक मारतो, तरी येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टर तडवींकडे नेलं. ती स्पष्ट बोलली, "एकदम बंद करता येणार नाही. तांदूळ काढला तर यांचा दाब एकशे ऐंशीवर जाईल. आज यंत्राचा जोर एक पायरी कमी करते. तुमच्यासारखं चालले, मीठ सोडलं, तर आणखी करू." त्या दिवसापासून हे पाटाच्या कडेने माझ्या मागे चालतात. धापा टाकतात, पण चालतात.

*

नव्वदाव्या दिवशी रावेरला सहाशे पानांची पंगत होती. देवरे साहेब सकाळीच तिथे हजर. त्यांनी आकडे पाहिले, पुन्हा पाहिले.

"सरासरी एकशे एकतीस. ताई, मी असं कधी बघितलेलं नाही." मग बोट थांबलं. "पण हा चौऱ्याऐंशीवा दिवस. एकशे एकाहत्तर." इकडेतिकडे पाहून ते हळूच म्हणाले, "पट्टी सैल झाली होती असं लिहू का? यंत्राची चूक म्हटलं की तो आकडा गळतो. आत्ता सही करतो, तुम्ही पास."

माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच बोलत होता. छाया मागून मला कोपराने ढोसत होती, हो म्हणा, हो म्हणा.

"पट्टी घट्ट होती, साहेब," मी म्हटलं. "माझ्या पोरीला चारचौघांत बोलले, म्हणून मला राग आला. ती चूक नाही. तुमच्या कागदावर कारणाचा रकाना आहे ना? त्यात तसंच लिहा. आणि अकरा मिनिटांत उतरला, हेही लिहा."

"असं लिहिलं तर फाइल जळगावला मंडळाकडे जाईल. निकाल येईपर्यंत तुम्हाला आत जाता येणार नाही. कदाचित कधीच नाही."

"जाऊ दे जळगावला. डॉक्टर तडवींची चिठ्ठी सोबत जोडा. तिने लिहिलंय, दाब चढणं हा रोग नाही, चढून न उतरणं हा रोग आहे. मंडळाला वाचता येत असेल."

त्यांनी लिहिलं. मी वाचून पाहिलं आणि सही केली. सहाशे माणसांचं आधण चढलेलं, आणि मी रेषेच्या बाहेर. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मांडववाल्याकडून खुर्ची मागवली आणि पिवळ्या रेषेला पाय लावून बसले.

एका पातेल्याशी छाया होती. दुसरं घोटायला ताकदीचा, परवानगी असलेला माणूस हवा होता. मानेत तांदूळ असलेल्यांना आपोआप परवानगी असते. आमचे हे बट्टीचं पीठ पोचवायला आलेच होते. मी म्हटलं, "अहो, बाह्या सरसावा." आयुष्यात पहिल्यांदा हे माझ्या पातेल्याशी उभे राहिले.

मी दहा फुटांवरून सगळं चालवलं. वाफ माझ्याकडे येत होती, तिच्यातून मला हळद कळत होती, डाळ कळत होती. "छाया, आता मीठ. बस, थांब." मग दुसऱ्या पातेल्यातून करपायच्या आधीचा वास आला. मी ताडकन उठले. "अहो! बूड धरतंय! खालून घोटा, खालून! तीस वर्षं बायकोचा स्वयंपाक खाल्लात, एवढंही कळत नाही?"

"ओरडू नकोस!" हे गरजले. पळी हवेत, मानेची शीर फुगलेली. "दिसतंय मला! तू तिथे बसून शहाणपणा शिकवू नकोस!"

सगळ्या बायकांचे हात थांबले. माझ्या मनगटावरची पट्टी थरथरली. देवरे साहेबांनी हातातल्या पडद्याच्या पाटीवर पाहिलं. "ताई, एकशे अठ्ठेचाळीस."

"लिहा. वेळही लिहा." माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मी पुसलं नाही. "आणि यांचा?"

रेषेच्या आतल्या प्रत्येकाचा दाब त्यांच्या पाटीवर उमटतो. त्यांनी पाहिलं, मग डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि पुन्हा पाहिलं. "एकशे एकोणचाळीस. तांदळाच्या नोंदीत यांचा दोन वर्षांत कधी एकशे अठराच्या वर गेलेला नाही."

"तोही लिहा, साहेब," मी म्हटलं.